भाकणुकीतील ‘मी’

भविष्य सांगणारा माणूस हा मराठी लोकरंजनातील एक फार जुना नट आहे. पहाटेच्या काळोखात दारी येणारा पिंगळा, कुडबुडे वाजवीत गल्लीत शिरणारा कुडमुड्या जोशी, गुबूगुबू वाजवून बैलाकडून होकार मिळविणारा नंदीबैलवाला, ही सारी मंडळी लोकांचे मन रिझवीत आणि त्याच श्वासात त्यांचे उद्याचे सुखदुःखही सांगत. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात अशा फिरस्त्यांचा परामर्श घेतला आहे. आत्र्यांची दृष्टी हिशेबी होती. कुणब्याच्या राशीतून या लोकांच्या झोळीत किती जाते, याची त्यांना चिंता होती आणि ती रास्तही होती. परंतु नंदीबैलाने मान हालविली म्हणजे त्या बैलाला आपल्या लेकीच्या लग्नाची तिथी ठाऊक आहे असे दारातील बाई खरोखरच मानीत होती काय, हा प्रश्न आत्र्यांच्या कक्षेत येत नव्हता. आमच्या मते ती मानीतही होती आणि मानीतही नव्हती. तिने घातलेले पसाभर धान्य हे भविष्याचे मोल नव्हते, तर आपल्या मनातील प्रश्न कोणीतरी मोठ्याने उच्चारल्याबद्दलची ती बिदागी होती.

हे लोक आता बव्हंशी पाठ्यपुस्तकांत आणि स्नेहसंमेलनांच्या रंगमंचावर जाऊन बसले आहेत. परंतु याच कुळातील एक प्रकार, निपाणीच्या आसपास, दोन राज्यांच्या आणि दोन भाषांच्या सांध्यावर, आजही जिवंत आहे. जिवंत आहे एवढेच नव्हे, तर वृत्तपत्रे, दूरचित्रवाणी आणि भ्रमणध्वनीवरील चित्रफिती यांच्या योगाने त्याचा श्रोतृवर्ग पूर्वी कधी नव्हता इतका वाढला आहे. हा प्रकार म्हणजे भाकणूक. तिच्यावर श्रद्धा ठेवणारे पुष्कळ आहेत आणि तिच्यावर टीका करणारेही आहेत. तिचा वाङ्मय म्हणून विचार मात्र फारसा कोणी केलेला नाही. तो न केल्यामुळे श्रद्धाळू आणि टीकाकार हे दोघेही एकाच चुकीच्या प्रश्नाभोवती फिरत राहिले आहेत, असे आम्हांस वाटते. ‘ती खरी ठरली की नाही?’ हा तो प्रश्न होय. त्याच्या आधी विचारावयास हवा असा दुसरा एक प्रश्न आहे, व तो निव्वळ व्याकरणाचा आहे. भाकणुकीत ‘मी’ कोण बोलतो आणि तो कोणाशी बोलतो?

शब्दापासूनच आरंभ करू. ‘भाक’ म्हणजे वचन. आपण भाक देतो, भाक घेतो. ‘भाकणे’ या क्रियापदाने आपण करुणाही भाकतो आणि भविष्यही भाकतो. ‘भाकीत’ हा त्याच घरातील शब्द. म्हणजे आळवणी, प्रतिज्ञा आणि भविष्य या तीन निरनिराळ्या वाक्कृती मराठीने एकाच क्रियापदाच्या पोटात ठेवल्या आहेत. भविष्य सांगणे हे माहिती देणे आहे असे या शब्दकुळाला मान्य नाही. ते वचनाच्या आणि विनवणीच्या जातीचे आहे. भाकणूक ऐकताना ही गोष्ट पदोपदी जाणवते.

निपाणीनजीकच्या कुर्ली आणि आप्पाचीवाडी या गावांत हालसिद्धनाथांचे स्थान आहे. आश्विनातील यात्रेत तेथे ढोल-कैताळांचा गजर होतो, भंडारा उधळला जातो आणि पहाटेच्या सुमारास भाकणूक होते. ती सांगण्यासाठी कोल्हापूर जिल्ह्यातील वाघापूरहून डोणे महाराज येतात. म्हणजे सांगणारा महाराष्ट्रातला, स्थान कर्नाटकातले आणि ऐकणारे दोहीकडले. हातकणंगले तालुक्यातील पट्टण कोडोली येथे विठ्ठल-बीरदेवाची यात्रा याच ऋतूत भरते. तेथे सोलापूर जिल्ह्यातील अंजनगावाहून पायी येणारे फरांडे बाबा तलवार घेऊन हेडाम खेळतात व भाकणूक सांगतात. आदमापूर येथे बाळूमामांच्या भंडाऱ्यातही ही प्रथा आहे. बाळूमामा मूळचे निपाणीजवळच्या अक्कोळचे. त्यांचा जन्म १८९२ सालचा आणि समाधी १९६६ ची. तेव्हा कागल, भुदरगड, चिकोडी, निपाणी, हातकणंगले असा एक पट्टा डोळ्यांपुढे आणला, तर त्यात मेंढरांच्या वाटांनी जोडलेला एक सलग भाकणूक-प्रदेश दिसू लागतो. राज्यपुनर्रचनेची १९५६ ची रेषा त्याच्या मधून गेली आहे. मेंढरांनी तिची दखल घेतलेली नाही.

भाकणुकीचा पाठ कसा असतो? तो गद्य नाही आणि पद्यही नाही. वाक्ये तुटक व भविष्यकाळी असतात, प्रत्येक वाक्य स्वतंत्र उभे असते आणि एकाचा दुसऱ्याशी कार्यकारणसंबंध लावण्याची घाई कोणासच नसते. पावसाची नक्षत्रे नावानिशी येतात. धान्याच्या राशी पिकाच्या नावाने न सांगता रंगाने सांगितल्या जातात. तांबडी रास, पांढरी रास अशी ही परिभाषा ऐकणाऱ्या शेतकऱ्यास भाष्यावाचून कळते आणि शहरी वार्ताहराला कंसात खुलासा करावा लागतो. मग राज्यकर्ते येतात, लढाया येतात, रोगराई येते, नात्यांतील मर्यादा सुटल्याबद्दलची खंत येते. कलियुगवर्णनाचा जो ठसा आपल्या पुराणांत आणि संतांच्या वाणीत आहे तोच येथे कोल्हापुरी बोलीत उतरलेला दिसतो. यमक आले तर तेही कांडे आणि भांडे असे घरचे येते. एक उसाचे, दुसरे दुधाचे.

या यमकापाशी थोडे थांबले पाहिजे, कारण भाकणुकीचे वाङ्मयीन सामर्थ्य कशात आहे हे येथे कळते. ऊस आणि दूध ही या मुलखाच्या संसाराची दोन चाके आहेत. उसाचा दर किती निघणार, दुधाच्या दरात फरक किती पडणार, यांवर घरातील लग्ने ठरतात आणि मोडतात. निपाणीच्या सहकारी साखर कारखान्याला खुद्द हालसिद्धनाथांचेच नाव दिलेले आहे. ज्याच्या नावाने उसाची चिंता बोलली जाते, त्याच्याच नावाने उसाचे गाळपही होते. असा योग एखाद्या कादंबरीकाराने योजला असता तर आपण त्यास कृत्रिम म्हटले असते. याच निपाणीने १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली मोठे आंदोलन केले. ६ एप्रिलला पोलिसांचा गोळीबार झाला आणि त्यात शेतकरी मारले गेले. पिकाचा भाव ही ज्या गावात जीव घेणारी गोष्ट ठरली, तेथे भाव काय होईल याचे उच्चारण हे केवळ कुतूहलाचे शमन असणार नाही. आभाळ आणि बाजारपेठ या दोन्ही सत्ता शेतकऱ्याच्या हातांबाहेरच्या. भाकणूक या दोहोंना एका रांगेत बसविते आणि दोहोंविषयी सारख्याच स्वरात बोलते. एकाच वाक्यवृत्तीत मघा नक्षत्रही यावे आणि राज्याचे सरकारही यावे, यात विनोद शोधणाऱ्यांना तो सापडेल. आम्हांस त्यात या मुलखाच्या अर्थकारणाचे एक कटू पण अचूक आकलन दिसते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. यात्रेतील ही वाणी डोणे महाराजांची म्हणून ओळखली जात नाही. लोक तिला ‘नाथांची भाकणूक’ म्हणतात. बोलणारे मुख एकाचे आणि बोलण्याचे स्वामित्व दुसऱ्याचे, तेही कधीच समाधिस्थ झालेल्याचे. आमच्या नाट्यशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर येथे नट आणि पात्र यांतील भेद सर्वांना माहीत आहे. वाघापूरहून अमुक एक गृहस्थ आले, त्यांनी कोणाकडे फराळ केला, ते कोणत्या वाटेने आले, हे गावाला ठाऊक असते आणि तरीही पहाटे जो ‘मी’ बोलतो तो नाथांचा आहे हेही गाव मानते. ज्याच्याशी तो बोलतो तो श्रोताही एकटा नाही. ‘तुझ्या मुलीला स्थळ केव्हा येईल’ असे भाकणूक सांगत नाही. तिचे संबोधन जमलेल्या साऱ्या लेकरांना आहे. भाकणुकीतील उत्तमपुरुष हा उसना आणि द्वितीयपुरुष हा बहुवचनी असतो, ही या प्रकाराची लक्षणभूत गोष्ट होय. यांपैकी एक जरी बदलला तरी ती भाकणूक राहत नाही.

शेजारच्या कानडी परंपरेकडे पाहिले म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. विजयनगर जिल्ह्यातील मैलार येथे मैलारलिंगाच्या, म्हणजे आपल्या खंडोबाच्या, यात्रेत ‘कारणिक’ होते. गोरवय्या उंच धनुष्यावर चढतो, ‘सद्दले’ अशी गर्जना करतो आणि लाखोंचा समुदाय एकाएकी निःशब्द होतो. मग तो एकच वाक्य उच्चारतो आणि वरून अंग टाकून देतो. खाली भक्त त्यास झेलतात. एका वाक्याचे ते वाङ्मय. त्या वाक्याचा अर्थ लावण्यात पुढचे वर्ष जाते. पीक, पाऊस, मंत्रिमंडळ, जे ज्याच्या मनात असेल ते त्याने त्यात पाहावे. भाकणूक पाल्हाळिक आहे आणि कारणिक सूत्रमय. एकीत सर्व काही सांगितले जाते, दुसऱ्यात जवळजवळ काहीच सांगितले जात नाही. परंतु गोरवय्या हा नट आणि मैलार हा वक्ता, जमाव हा श्रोता, ही मांडणी दोहींत एकच आहे. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या १९८४ च्या ग्रंथात विठ्ठल-बीरदेव या जोडदैवताचा माग काढताना, आणि गुंथर सोंथायमर यांनी बीरोबा, म्हसकोबा व खंडोबा यांवरील आपल्या अभ्यासात, महाराष्ट्र-कर्नाटकाच्या या धनगरी सांस्कृतिक एकत्वाकडे आपले लक्ष वेधले आहे. दोघांचाही भर दैवतकथांवर आणि विधींवर होता. भाकणुकीचा शैलीविचार हे काम त्यांनी आपल्यासाठी शिल्लक ठेवले आहे असे म्हणावयास हरकत नाही.

या उसन्या ‘मी’चे महत्त्व कळण्यासाठी सीमाभाग सोडून थोडे नागपुरास गेले पाहिजे. जानेवारी २०२३ मध्ये तेथे बागेश्वर धामचे धीरेंद्रकृष्ण शास्त्री यांची रामकथा झाली. तिच्या जोडीला त्यांचा ‘दिव्य दरबार’ होता. दरबारात समोर आलेल्या माणसाने तोंड उघडण्यापूर्वी त्याचे नाव, त्याची अडचण कागदावर लिहिलेली आहे असे दाखविले जाते. अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे श्याम मानव यांनी हे सामर्थ्य तपासणीच्या अटींखाली सिद्ध करावे म्हणून तीस लाख रुपयांचे आव्हान दिले. कथा ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी संपली. पोलिसांनी चित्रफिती पाहून कायद्याचा भंग आढळत नसल्याचे कळविले. मग कित्येक दिवस हिंदी वृत्तवाहिन्यांनी हा वाद असा काही रंगविला की मूळ कथा रामाची होती याचा प्रेक्षकांस विसर पडला. त्याच सुमारास सुहानी शाह या जादूगार तरुणीने वाहिनीवर येऊन निवेदकांच्या मनातील नावे ओळखून दाखविली आणि ही विद्या आहे, सिद्धी नव्हे, असे सांगितले.

मराठीत ‘मनकवडा’ हा किती सुरेख शब्द आहे! आईला, मित्राला, चतुर दुकानदाराला तो लागतो आणि दैवी शक्तीचा त्यात लवलेशही नाही. शाह यांनी स्वतःकडे घेतले ते हे मनकवडेपण. येथे ‘मी’ स्वतःचा आहे, कसबही स्वतःचे आहे, आणि आपण फसविले जाणार या कराराने प्रेक्षक बसलेला आहे. दरबारातील ‘मी’ मात्र अडचणीचा आहे. श्रेय इष्टदेवतेचे असे तो म्हणतो. परंतु समोर बसलेला प्रत्यक्ष माणूसच तुझे नाव ओळखतो, तुझी पीडा सांगतो आणि तिच्यावर उपायही देतो. येथे वक्ता जिवंत आहे, श्रोता एकटा आहे आणि बोलण्याचा काळ भविष्य नसून बहुधा भूत वा वर्तमान आहे. ‘तुझ्या घरी अमुक आहे’ हे वाक्य खरे की खोटे ते जागच्या जागी ठरते आणि खरे ठरले की त्याच्या बळावर पुढचे, न तपासता येणारे वाक्य गळी उतरते. भाकणुकीत हे दोन पायऱ्यांचे यंत्र नाही. ती तुमच्याविषयी काही जाणत असल्याचा पुरावा देतच नाही.

वाद झाल्याने अशा व्यक्तींचे तेज कमी होते असेही नाही. १९७३ साली अमेरिकेत जॉनी कार्सन यांच्या लोकप्रिय कार्यक्रमात युरी गेलर यांना आणले गेले. जादूगार जेम्स रँडी यांच्या सल्ल्याने सर्व वस्तू आधीच बंदोबस्तात ठेवलेल्या होत्या आणि गेलर यांना त्या रात्री काही करून दाखविता आले नाही. लोकांनी त्यावरून काढलेला निष्कर्ष असा की, हा मनुष्य जादूगार असता तर चुकला नसता! त्यांची कीर्ती वाढली. आमच्याकडील वादांतही वाहिनीला निर्णय नको असतो, पुढचा भाग हवा असतो.

आता कायद्याचे पाहू. वाङ्मयाच्या अभ्यासकाने कायदे वाचावेत असे आम्ही सहसा सुचविणार नाही. परंतु महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा या बाबतीत अनपेक्षित रीतीने वाङ्मयीन आहे. तथाकथित चमत्काराचे प्रदर्शन करून पैसा मिळविणे व त्यायोगे लोकांस फसविणे हा त्यात अपराध आहे. परंतु यात्रा, कीर्तन, प्रवचन, हरिकथा यांना तो हात लावीत नाही, तसेच दिवंगत संतांचे चमत्कार सांगणे आणि त्यांचा प्रचार करणे यासही तो मोकळीक देतो. म्हणजे कायदेकारांनी, जाणून वा अजाणता, आख्यान आणि प्रयोग असा भेद केला. मृताचा चमत्कार ही कथा झाली, जिवंताचा चमत्कार हा दावा झाला. कर्नाटकाचा कायदा २०१७ साली विधिमंडळात संमत झाला आणि २०२० च्या जानेवारीत अमलात आला. त्यात ज्योतिषसल्ला व वास्तुशास्त्र स्पष्टपणे वगळले आहे. निपाणीतून कागलला जाणारा मनुष्य अर्ध्या तासात एका व्याख्येतून दुसऱ्या व्याख्येत जातो. ते असो. आमचे म्हणणे एवढेच की भाकणूक या भेदाच्या नेमक्या उंबरठ्यावर उभी आहे. वाणी दिवंगत संताची आणि मुख जिवंत माणसाचे. ‘मी’ उसना आहे तोवर ती आख्यानाच्या बाजूला राहते. ज्या क्षणी मुखच स्वतःला वाणीचे धनी समजू लागते, त्या क्षणी ती दुसरीकडे जाते.

हे स्थलांतर कल्पनेतले नाही. बाळूमामांच्या नावाचा आधार घेऊन सोलापूर जिल्ह्यात भक्तांचा मेळा जमविणाऱ्या एका भविष्यकथनकाराला २०२१ साली अटक झाली. त्याच्यावरील आरोपांचा निर्णय हा न्यायालयाचा विषय आहे आणि त्यात आम्ही शिरत नाही. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही की, त्याच्याशी आमचा संबंध नाही असे आदमापूरकरांनीच आधी जाहीर केले होते. अंधश्रद्धेविरुद्ध उभे राहण्यास नेहमी बाहेरचा बुद्धिवादीच लागतो असे नव्हे. ज्या गावाला ‘मी’ कोणाचा हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, ते गाव स्वतःच्या परंपरेतील अपहार लवकर ओळखते.

मग हा अपहार सोपा कोणी केला? येथे लोकप्रिय माध्यमांचा विचार करणे प्राप्त आहे. २०१८ साली कलर्स मराठी वाहिनीवर ‘बाळूमामाच्या नावानं चांगभलं’ ही मालिका सुरू झाली आणि वर्षानुवर्षे चालली. तिने सीमाभागातील एका मेंढपाळ संताला महाराष्ट्राच्या घराघरांत नेले, धनगरी वेष, भंडारा, मेंढरांचे तांडे, बोलीचा हेल, या गोष्टींना सायंकाळच्या प्रहरी मानाचे स्थान दिले. हे तिचे ऋण नाकारता येणार नाही. सुखवस्तू घरांच्या दिवाणखान्यांतच रमणाऱ्या मालिकांमध्ये ती वेगळी होती. परंतु द्रष्टेपण दाखविण्याची तिची रीत आम्हांस सदोष वाटते. कॅमेऱ्याच्या व्याकरणात भविष्यवाणी संदिग्ध राहूच शकत नाही. संताने डोळे मिटले, पार्श्वसंगीत चढले, की पुढील प्रसंगात ते घडलेच पाहिजे. पटकथाकाराला पुढचा भाग ठाऊक असतो, तेव्हा त्याने संताच्या तोंडी घातलेले भाकीत चुकणार कसे? प्रेक्षकाला जे दिसते ते संताचे ज्ञान नव्हे, लेखकाचे. पाठोपाठ लगेच खरे ठरणाऱ्या भाकितांची अशी हजार प्रकरणे पाहून सरावलेला डोळा पुढे आप्पाचीवाडीच्या पहाटेकडे वळतो, आणि तेथेही तो फळच मागू लागतो.

वृत्तपत्रांनी वेगळ्या मार्गाने हेच केले. बेळगाव-कोल्हापूरच्या दैनिकांतून दरवर्षी भाकणुकीची वार्ता येते, आणि ती यावी. स्थानिक पत्रांनी ती छापली नसती तर गेल्या काही दशकांतील पाठांचा एवढाही मागमूस उरला नसता. परंतु वार्तेत ढोल नसतो, थांबे नसतात, पुनरुक्ती नसते. शंभर वाक्यांतून आठ निवडली जातात आणि त्यांतले एक मथळ्यावर चढते. निवड अर्थातच राजकारणाची आणि युद्धाची असते. राशींची वाक्ये तळाशी जातात किंवा गळतात. अलीकडच्या चित्रफितींनी तर उरलेसुरले आवरणही काढले. अर्ध्या मिनिटाचा तुकडा, वर ‘भाकीत खरे ठरले’ अशी तांबडी अक्षरे, खाली गतवर्षीच्या एखाद्या घटनेचे चित्र. घटना घडून गेल्यावर तिला जुळणारे वाक्य शोधावयाचे, न जुळणारी नव्वद टाकून द्यावयाची. येथे ‘मी’ नाथांचा उरत नाही आणि ‘तुम्ही’ही उरत नाही. भ्रमणध्वनी हातात धरून एकटा बसलेला कर्जबाजारी माणूस ते वाक्य स्वतःला उद्देशून आहे असे समजतो. तेथून एखाद्या ‘महाराजां’चा पत्ता विचारण्यापर्यंत फार अंतर नसते.

टीकाकारांचे काय? त्यांच्याविषयी लिहिताना आम्हांस सावधपणा बाळगावासा वाटतो, कारण या मुलखात आणि याच्या दोन्ही बाजूंना त्यांनी दिलेली किंमत शब्दांची नाही. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. गोविंद पानसरे यांच्यावर १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात गोळ्या झाडल्या गेल्या व चार दिवसांनी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी ३० ऑगस्टला धारवाडात एम्. एम्. कलबुर्गी यांना त्यांच्या घरीच मारण्यात आले. बेळगावात सतीश जारकीहोळी यांनी २०१४ च्या ६ डिसेंबरला सदाशिवनगरच्या स्मशानभूमीत रात्र काढून लोकांच्या मनातील भुताखेतांचे भय घालविण्याचा एक जाहीर प्रयोग केला. राजकीय पुरुषाच्या कृतीत प्रदर्शनाचा भाग असतो हे खरे. परंतु प्रदर्शनाला प्रदर्शनाने उत्तर देण्याची ही रीत लोकरंजनाचे मर्म जाणणारी होती, हे मान्य केले पाहिजे.

तरीही भाकणुकीच्या बाबतीत टीकेचे नेहमीचे शस्त्र नीट लागू पडत नाही. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली फलज्योतिषाची जी चाचणी घेतली ती या क्षेत्रातील आदर्श आहे. सत्तावीस ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पत्रिका दिल्या, हुशार मुलांच्या कोणत्या व मतिमंद मुलांच्या कोणत्या ते ओळखावयाचे होते, आणि उत्तरे बरोबर येण्याचे प्रमाण शेकडा सेहेचाळीस भरले. नाणे उडवून याहून थोडे अधिक मिळाले असते. ही चाचणी शक्य झाली कारण ज्योतिषी निश्चित विधान करतो. ‘राज्यात गोंधळ माजेल’ या जातीच्या वाक्याला नाणे कोणते लावणार? ते कोणत्या वर्षी खोटे ठरेल? म्हणून भाकणुकीला आव्हानाची रक्कम दाखविणे हे विलापिकेला ‘तू खरोखर रडलीस काय’ असे विचारण्यासारखे होते. तपासावयाचे ते निराळेच आहे. तो पाठ, ती तारीख आणि तो मथळा यांचा मेळ बसतो की नाही, एवढेच तपासता येते, आणि तेवढे पुरे आहे.

हे काम पाठचिकित्सेचे आहे, म्हणजे आपले आहे. कलबुर्गी यांचे सारे आयुष्य शिलालेख, हस्तलिखिते आणि वचनांचे पाठ यांत गेले. अमुक वचन अमुक शरणाचेच काय, ते कोणत्या पोथीत प्रथम येते, मागाहून कोणी घातले, हे प्रश्न त्यांनी निर्भयपणे विचारले. भाकणुकीला हेच प्रश्न विचारता येतात. ‘नाथांनी हे तीन वर्षांपूर्वीच सांगितले होते’ असे म्हणणाऱ्याला श्रद्धेवर व्याख्यान देण्याची गरज नाही. तीन वर्षांपूर्वीचा संपूर्ण पाठ काढून त्याच्यापुढे ठेवावा, म्हणजे झाले. वाक्य त्यात असेल तर त्याच्या आजूबाजूची नव्वद वाक्येही त्याने वाचावीत. आज असा पाठ दाखविता येत नाही, कारण अखंड पाठ कोणी उतरून ठेवलेलाच नाही. यात श्रद्धाळूंचेही अहित नाही. ज्यांना नाथांची वाणी पवित्र वाटते, त्यांना तिचे तुकडे करून विकले जाणे रुचत असेल असे आम्हांस वाटत नाही.

निपाणीच्या वेशीवर अर्जुननगर येथे देवचंद महाविद्यालय आहे. ते महाराष्ट्राच्या हद्दीत आणि निपाणीच्या नित्याच्या वावरात आहे. बेळगावात राणी पार्वतीदेवी महाविद्यालय आहे. अशा ठिकाणच्या मराठी आणि कानडी विभागांनी मिळून चार-सहा विद्यार्थी आश्विनात आप्पाचीवाडीस व पट्टण कोडोलीस धाडले, तर पाच वर्षांत पाठांचा एक विश्वसनीय संग्रह तयार होईल. विद्यार्थ्यांनी देवस्थानाची आणि सांगणाऱ्याची अनुमती घ्यावी, पाठाची प्रत त्यांनाही द्यावी. ध्वनिमुद्रण तर आता कोणीही करतो. त्याच्या जोडीला तिथी आणि घटका लिहून ठेवावी, वाक्य किती वेळा उच्चारले ते लिहावे, ढोल कोणत्या शब्दावर थांबला, जमावाने ‘चांगभलं’चा गजर कोठे केला आणि कोठे केला नाही, हेही लिहावे. कोणता शब्द कानडी होता याची नोंद विशेष काळजीने व्हावी, कारण मराठी वार्तेत त्याचे मराठीकरण होते, कानडी वार्तेत मराठी शब्दाचे कानडीकरण होते, आणि दोन्ही पत्रे शेजारी ठेवली तर एकाच पहाटे दोन निरनिराळ्या भाकणुका झाल्या असे वाटते.